गुम्सिल मावशीचं 'आपण'

प्यो गुम्सिल मावशी रागावली की तिच्या ओठांतल्या टाचण्या जराही हलत नाहीत. हलल्या तर समजावं, ती हसतेय. सोलच्या देहांग्नो भागातल्या नाट्यगृहांत तिनं तीस वर्षं नटनट्यांचे कपडे शिवले, उसवले, ढिले केले, आवळले; आणि या तीस वर्षांत आम्ही तिच्याकडून एवढंच शिकलो की ओठांत तीन टाचण्या धरूनही माणसाला स्वच्छ उच्चारांत शिव्या घालता येतात. नाट्यशाळेत मुलांना वाणीचे धडे द्यायला तिला न्यायला हवं होतं. नेलं नाही, म्हणून आज नायक काय पुटपुटतो ते तिसऱ्या रांगेतही कळत नाही.

सोलमध्ये भात वाढणारी, केस कापणारी, कपडे शिवणारी कुठलीही बाई मावशीच. ती साठीची झाली की सगळ्या शहराची भाचवंडं तिच्या गळ्यात पडतात. मी वाद्यवृंदात बेस वाजवतो. त्याला चार तारा, म्हणून ती मला 'चारतारे' म्हणते. "काय चारतारे, चार तारांत आज किती चुकल्या?" अशी रोजची सुरुवात. तिचा शिवणकक्ष तळघरात, आम्ही वादक बसतो त्या रंगमंचापुढच्या खड्ड्याच्या बरोबर खाली, त्यामुळे माझी प्रत्येक चूक तिच्या डोक्यावर पडते.

यंदा आमच्याकडे लागलं ते जुन्या गाण्यांचं संगीत नाटक. या प्रकारात गाणी आधी असतात आणि गोष्ट मागाहून येते. म्हणजे बटणं आधी आणायची आणि मग बटणांना शोभेल असा कोट बेतायचा. मा इन्सोक या संगीतकारांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांची बावीस गाणी घेतली, आणि मध्ये भरायला एक म्हातारा घेतला जो सगळं विसरत चाललाय. नाटकाचं नाव 'विसरलो तर आठवण कर'. पहिल्या अंकात तो बायकोचं नाव विसरतो, दुसऱ्यात आपल्याला बायको आहे हेच विसरतो, पण पहिली प्रेयसी मात्र त्याला तिच्या स्वेटरच्या रंगासकट आठवते. पुरुषांचं हे विस्मरण घरोघरी आहे. त्याला आजार म्हणायचं की नाही, एवढाच वाद.

बावीस गाण्यांत सगळ्यांत गाजलेलं 'दाराशी'. पंचेचाळीस वर्षं ते रेडिओवर आहे, टॅक्सीत आहे, लग्नांत आहे. गाणं लहानसं:

मला वाढलं, आपण मात्र उपाशी;
मला निजवलं, आपण बसून दाराशी.

दोन्ही ओळींत जो शब्द येतो तो आमच्या भाषेत 'तांगशिन'. मराठीत 'आपण'. आणि तुमच्या 'आपण'सारखाच तो तीन घरचा पाहुणा. नवरा-बायको एकमेकांना तो आदरानं म्हणतात. रस्त्यावर गाडीला गाडी घासली की, "आपण कोण टिकोजीराव?" म्हणून तोच शब्द बाह्या सरसावून बाहेर येतो. आणि तिसरा अर्थ जुन्या माणसांचा: वडीलधाऱ्या माणसाबद्दल, ते माणूस समोर नसताना. आजी सगळ्यांना भात वाढायची आणि आपण मात्र खरवड खायची. यातलं 'आपण' कोण, हे कुणाला विचारावं लागत नाही.

आमचे दिग्दर्शक नामगुंग ह्वी यांना ते विचारावंसंच वाटलं नाही. वय चौतीस. घरात, बाहेर, ऊन असो नसो, डोक्यावर लोकरीची टोपी. टोपीखाली डोकं आहे की नाही याबद्दल वाद्यवृंदात पैजा लागलेल्या. त्यांचं म्हणणं, आजची मुलं 'आपण' ऐकली की हसतात, त्यांना वाटतं गाडी लावण्यावरून भांडण जुंपलंय. म्हणून त्यांनी त्याचं 'तू' केलं. मला वाढलंस, तू मात्र उपाशी. आणि त्यावर प्रसंग बसवला तो असा: इटालियन हॉटेल. म्हाताऱ्याच्या तरुणपणातले नायक-नायिका शेवटचं जेवताहेत. ती आपल्या ताटातल्या शेवया त्याच्या ताटात वाढते आणि स्वतः खात नाही, कारण ती त्याला सोडणार आहे. गाण्यात 'निजवलंस' आहे म्हणून नायक टेबलावर डोकं टेकतो. गाण्यात 'दाराशी' आहे म्हणून ती बॅग घेऊन हॉटेलच्या दाराशी बसते. वाढपी तिला ओलांडून सूप नेतात.

मी पोट भरण्यासाठी काय काय वाजवलंय ते देवाला माहीत, पण त्या सुपाला साथ करताना माझी मान खाली होती.

कपड्यांसकट पहिली तालीम होती. मावशी तळघरात कोटाला इस्त्री करत होती. तिथं भिंतीवर एक कर्णा आहे, त्यातून वर काय चाललंय ते ऐकू येतं. 'दाराशी' सुरू झालं. दुसरी ओळ यायच्या आत जिन्यावर पावलं वाजली आणि मावशी नायकाचा कोट हातावर टाकून थेट रंगमंचाच्या मध्यावर, इटालियन हॉटेलात, उभी राहिली. आम्ही थांबलो. वाढपी सूप धरून थांबला.

"हे 'तू' कुणी घातलं?" तिनं विचारलं.

"मावशी, तालीम चालू आहे," नामगुंग ह्वी अंधारातून म्हणाले.

"दिसतंय. डोळे आहेत मला, अजून दोरा ओवते. 'तू' कुणी घातलं?"

"मी. का, कोट लांब झालाय का?"

"कोट नीट आहे. गाणं आखूड झालंय."

नायक बान जीहान फसकन हसला. हा सव्वीस वर्षांचा, देखणा, टोळीनं नाचणाऱ्या गायकांतून आलेला. त्याच्या चाहत्या पहाटेपासून दारात उभ्या असतात. मावशीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याचं हसू जिथं होतं तिथंच वाळलं.

"मावशी, हा कलात्मक निर्णय आहे," दिग्दर्शक म्हणाले.

"माझ्या आईला 'तू' म्हणायचा?"

"तुमची आई कुठं आली यात?"

"तेच विचारतेय मी. माझी आई कुठं गेली यातून?"

तुमच्याकडे आईला लाडानं 'तू' म्हणतात, ते मला ठाऊक आहे. इथं आईला 'तू' म्हणणारं पोर अजून जन्मायचंय. जन्मलंच तर त्याच दिवशी चपलेचा मार खाईल.

मावशीनं तिथंच, टाचण्या न काढता, सगळं सांगितलं. आम्ही तीस वर्षं तिच्या हाताखालून कपडे घालून गेलो, पण हे कुणालाच माहीत नव्हतं.

ती सतरा वर्षांची असताना डोंगराकडच्या गावातून सोलला आली. छांगशिनच्या चढावर शिवणाच्या खोल्या आहेत, तिथं एका माडीवर कॉलर लावायला बसली. दिवसाला साठ कॉलर. यंत्रांच्या आवाजावर मुकादमीण रेडिओ लावायची, आणि दुपारी श्रोत्यांची पत्रं वाचायचा कार्यक्रम असायचा. गावाकडून निरोप आला की आई गेली. वय एकेचाळीस. मावशी पोचेपर्यंत मातीही देऊन झाली होती. घरात फोटो नव्हता. असायला त्या घरी कुणी कॅमेरेवाला कशाला येतोय? परत आल्यावर ती यंत्रावर बसली आणि चार दिवसांनी तिला कळलं की आईचं नाक कसं होतं ते आठवेना. ती घाबरली. कापडावर खुणा करायच्या खडूनं आधी जवळच्या पुठ्ठ्यावर आणि मग कागदावर तिनं लिहून काढलं: माझी आई, मला वाढलं, आपण मात्र उपाशी. निघायच्या आदल्या रात्री मला निजवलं, आपण बसून दाराशी, पहिली बस चुकू नये म्हणून. खाली नाव टाकलं, 'छांगशिनची एक सुई'. आणि ते रेडिओला धाडून दिलं.

त्या दिवशी कार्यक्रमात मा इन्सोक पाहुणे होते. त्यांनी पत्र ऐकलं आणि आठवड्यात चाल बांधली. 'माझी आई' हे दोन शब्द चालीत बसेनात, म्हणून त्यांनी ते काढले.

"तेव्हा काही बोलला नाहीत?" कुणीतरी विचारलं.

"काय बोलायचं? आई काढली तरी 'आपण' ठेवलं होतं. कळणाऱ्याला कळत होतं." मग तिनं टाचण्या काढून उशीत टोचल्या. हे लक्षण बरं नव्हतं. "लग्नात वाजवलंत, मी गप्प. टूथपेस्टच्या जाहिरातीत वाजवलंत, मी गप्प. म्हटलं, शब्द तर आहे. आता तोही काढलास. माझ्या आईनं शेवया नाकारल्या नव्हत्या रे टोपडूशेठ. तिला भातच पुरला नव्हता."

नामगुंग ह्वी म्हणाले, "विचार करून सांगतो."

आमच्या नगरीत 'विचार करून सांगतो' याचा अर्थ लहान मुलालाही माहीत आहे. त्यात विचारही नसतो आणि सांगणंही नसतं.

मावशी खरं बोलतेय की खोटं, असं कुणीच विचारलं नाही. याचा मला जास्त राग आला. खोटं वाटून कुणी भांडलं असतं तर निदान तिच्या म्हणण्याला वजन तरी आलं असतं. प्रसिद्धी सांभाळणाऱ्या छू सेराबाई होत्या, त्यांनी ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. मांजराला टोपलीत मासा दिसतो तसे. त्या पुडीची कॉफी स्वतः ढवळून तळघरात घेऊन आल्या. एरवी त्यांना तळघर कुठं आहे ते माहीत नव्हतं.

"मावशी, तुम्ही आमचा खजिना आहात. शुभारंभाच्या दुपारच्या खेळाला शेवटी सगळे प्रेक्षक उभे राहून गाणार ना, तेव्हा आपण तुमच्यावर प्रकाशझोत टाकू. दोन शब्द बोला. बायका रडतील."

"शब्द परत घालणार?"

"हो, हो, बघू की. आधी फोटो काढू या. तो खडू आहे का हो अजून?"

"पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा खडू?"

"दुसरा घेऊ. खडू तो खडू."

मावशीनं कॉफी झाडाच्या कुंडीत ओतली. पण खेळाला यायचं कबूल केलं. तिला वाटलं, बघू की म्हणाली आहे, म्हणजे बघेल. माणूस कितीही तिखट असला तरी कुठंतरी भोळा असतोच; मावशी नेमकी तिथंच सापडली.

शुभारंभाच्या दुपारी नाट्यगृह तुडुंब भरलं. पुढे जीहानच्या चाहत्या, मागे पन्नाशी-साठीच्या बायका, भिशीचे गटच्या गट, प्रत्येक गटात एक फरपटत आणलेला नवरा. शेवटी पडदा पुन्हा उघडला, नट वाकले, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर गाण्याचे शब्द झळकले, लोकांनी बघून गावं म्हणून.

मला वाढलंस, तू मात्र उपाशी.

विंगेत मावशी उभी होती. मी खड्ड्यातून तिचे फक्त जोडे पाहू शकत होतो. जोडे एक पाऊल मागे गेले. तेवढ्यात छू सेराबाई माइकवर आल्या आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, "रसिकहो, पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका मुलीनं आपल्या पहिल्या प्रेमाला हे पत्र लिहिलं. ती मुलगी आज इथं आहे."

प्रकाशझोत पडला. मावशी बाहेर आली, कंबरेला टाचण्यांची उशी तशीच बांधलेली. लोक टाळ्या वाजवायला लागले. तिनं हात वर केला. टाळ्या थांबल्या.

"मला पहिलं प्रेम नव्हतं," ती म्हणाली. "मला साठ कॉलर लावायच्या होत्या."

लोक हसले. ती हसली नाही.

"हे पत्र आईवर आहे. आडनाव मेंग. 'सुन' हे अक्षर, 'रे' हे अक्षर."

मागच्या रांगांतल्या बायका एकदम सरळ बसल्या. आईबापांचं नाव आम्ही सरळ घेत नाही, एकेक अक्षर सुटं करून, हातात धरून दाखवावं तसं सांगतो. त्या एका वाक्यात नाट्यगृहाला कळलं की इथं गंमत चाललेली नाही.

"तिचा फोटो नाही. तिचं घर नाही, तिथं आता धरणाचं पाणी आहे. ती कुठं उरली असेल तर त्या एका शब्दात. तो शब्द या लोकांनी खोडला, कारण त्यांना तो गाडी लावायच्या भांडणासारखा वाटला. आणि तुम्ही. तुम्हीही शहाणे नाही. पंचेचाळीस वर्षं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून माझी आई गाताय, कुणाला कधी वाटलं नाही की हे उपाशी माणूस आहे कोण?"

छू सेराबाईंनी आवाजाच्या माणसाला माइक बंद करायची खूण केली. त्या माणसानं ती पाहिली नाही. तो त्या वेळी फार काळजीपूर्वक दुसरीकडे बघत होता.

"आता गाणार आहात ना? गा. पण ज्यांची आई आहे त्यांनी तोंड बंद ठेवायचं. घरी जा, तिला आधी जेवायला घाला. हा शब्द अजून तुमचा नाही. ज्यांची गेली त्यांनीच गायचं. आणि पडद्याकडे बघून नाही."

आमच्या वाद्यवृंदाचे संचालक काठी हवेत धरून गोठले होते. कुणीतरी सुरुवात करायला हवी होती, म्हणून मी पहिला सूर लावला. मग मागून आवाज आला. आधी दोघी-तिघींचा, जाड, बेसूर, मग रांगेरांगेनं. मला वाढलं, आपण मात्र उपाशी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. फरपटत आणलेल्या नवऱ्यांतले कितीतरी जण गात होते. पुढच्या रांगांतल्या मुली हातातले फोन खाली घेऊन गप्प बसल्या होत्या, आणि जीहानही गप्प उभा होता, कारण त्याची आई पाचव्या रांगेत बसली होती आणि त्याच्याकडे टक लावून बघत होती. नामगुंग ह्वी मागच्या दाराशी उभे होते. त्यांची आई देजॉनहून रोज दुपारी फोन करून जेवलास का विचारते, हे सगळ्या थिएटरला माहीत आहे. त्यांचे ओठ मिटलेले होते. टोपी हातात होती. डोकं निघालं, मी पैज हरलो.

बेस वाजवताना गाता येत नाही, असा आमच्या धंद्यात समज आहे. तो खोटा आहे.

आता मावशीनं हसावं, डोळे पुसावेत, असं तुम्हाला वाटत असेल. निर्माते कू साहेबांनाही तसंच वाटलं होतं. ते पडदा पडल्या पडल्या तळघरात धावले, मागोमाग दिग्दर्शक, मागोमाग आम्ही, कारण असा तमाशा चुकवणारा वादक अजून जन्मला नाही.

"मावशी, काय आग होती," कू साहेब म्हणाले. "हे रोज पाहिजे. आठवड्याला आठही खेळांना. तुम्हाला दगदग नको, आम्ही तुमच्या भूमिकेला नटी घेतो. तुम्ही फक्त तिचे कपडे शिवा. तुमच्यासारखेच, जरा मळके."

मावशीनं गळ्यातली मापाची पट्टी काढली, बोटांना गुंडाळली.

"शिवते," ती म्हणाली. "आधी 'आपण' परत. गाण्यात, पडद्यावर, छापलेल्या पुस्तकात. शेवया काढा. ते सूप काढा. ती पोरगी टेबलावरून उठवा. खुर्ची रिकामी राहील."

"मग जीहाननं गायचं कुणाकडे बघून?" नामगुंग ह्वींनी विचारलं. पहिल्यांदा त्यांनी खरंच विचारलं.

"कुणाकडेच नाही. ते माणूस समोर असतं तर 'आपण' कशाला म्हटलं असतं?"

नामगुंग ह्वींनी वही काढली आणि लिहून घेतलं. कू साहेब "विचार करून" एवढंच म्हणाले, तोवर मावशीनं कात्री उचलून उद्याच्या खेळाचा नायकाचा एकुलता एक कोट पुढ्यात ओढला होता. कू साहेबांनी विचार जागच्या जागी पूर्ण केला.

दुसऱ्या दिवशी नायिका येऊन तळघरात थयथयाट करून गेली, कारण तिचं सगळ्यांत मोठं गाणं खुर्चीनं खाल्लं होतं. "खुर्चीला टाळ्या मिळतील आणि मला नाहीत?" ती म्हणाली. मावशी म्हणाली, "खुर्ची रडण्याचं सोंग करत नाही."

शुक्रवारी शब्द परत आला. पडद्यावर 'आपण', टेबलावर भाताची एक वाटी, समोर रिकामी खुर्ची. जीहान कुणाकडेच न बघता गायला आणि, मला हे कबूल करायला जड जातं, चांगला गायला. मग मावशीची भूमिका करणारी नटी आली. तिनं मावशीचे शब्द घेतले आणि प्रत्येक शब्दाला हुंदका जोडला. साठ कॉलरना हुंदका, धरणाच्या पाण्याला हुंदका. 'सुन' आणि 'रे' या दोन अक्षरांच्या मध्ये तर ती गुडघ्यांवर बसली.

विंगेत मावशी पुटपुटत होती. "रडते कशाला ही? मी रडले नव्हते."

"मावशी, नाटक आहे," मी खालून म्हणालो.

"माझ्या आईचं नाव असं ओलं करून कुणी घ्यायचं नाही, चारतारे."

शनिवारी दुपारच्या खेळाआधी तिनं त्या नटीचा झगा घेतला आणि छातीत चांगला इंचभर आवळला. बोलण्यापुरता श्वास ठेवला, हुंदक्यापुरता ठेवला नाही. तेव्हापासून ती बाई ते भाषण कोरडं, दात आवळून, रागानं म्हणते, आणि वर्तमानपत्रं तिच्या संयमाची तारीफ करतात.